दुपारचं रीडिंग

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ज्येष्ठ लागला आणि बेहालातली वीज दुपारची टिकेनाशी झाली. पूर्ण जायची तेव्हा श्यामला टेंबेला बरं वाटे. पंखा थांबे, अंगाला घाम सुटे, पण हातातलं काम खाली ठेवता येई. वाईट होती ती अर्धवट राहायची तेव्हा. दिवे पिवळे पडत, पंख्याची पाती एकेक मोजता येत, आणि टेबलावरच्या नव्या यंत्रातले लाल आकडे मात्र लखलखीत दिसत.

यंत्र चैत्रात आलं होतं. डॉक्टर अनादि समाद्दारांच्या चोवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये जिन्याखालची खोली म्हणजे लॅबोरेटरी. श्यामला तिथे अकरा वर्षं रक्त-लघवी तपासत होती. सकाळी वॉर्डात जाऊन रक्त काढायचं, ते गाळायचं, त्यात आम्ल घालायचं, नळ्या उकळत्या पाण्यात धरायच्या. साखर जितकी जास्त तितका रंग गडद. मग पितळी उपकरणात एका बाजूला रोग्याची नळी, दुसऱ्या बाजूला स्टँडर्ड, म्हणजे साखर किती आहे ते आधीच माहीत असलेलं द्रावण. खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटायचा आणि दोन्हीकडचे रंग एक होईपर्यंत चाक फिरवायचं. ते काम ती आणि हरिपदबाबू दोघं करत. यंत्र आलं, त्यात नळी ठेवली की आकडाच उमटायला लागला, आणि पंधरा दिवसांत हरिपदबाबू घरी गेले. जाताना त्यांनी पितळी उपकरण पुसलं, कापडात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं.

टेंब्यांच्या दोन खोल्या नर्सिंग होमच्या मागच्या अंगाला होत्या. नोकरीबरोबर मिळालेल्या. तिचा नवरा चारुदत्त हावड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. कारखान्याला फाल्गुनापासून टाळं होतं. तरी तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन गेटवर जाई आणि तीनच्या सुमाराला घामाने भिजून परत येई. घरात सासू शकुनबाई, तेरा वर्षांची वृंदा. वृंदा शाळेत, गल्लीत दिवसभर बंगालीच बोले. घरातल्या मराठीत तिची आजी कधी 'आला' होई, कधी 'गेला'.

एका दुपारी श्यामलाने सहज म्हणून स्टँडर्डची नळी यंत्रात ठेवली. सकाळी तिने स्वतः बनवलेलं द्रावण, शंभराचं. आकडा आला एकशे एकेचाळीस.

तिने नळी काढली, पदराने पुसली, पुन्हा ठेवली. एकशे एकोणचाळीस.

वर पंखा रेंगाळत होता. ती आकड्याकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने पंख्याला वेग आला, दिवा पांढरा झाला आणि आकडा आपोआप खाली उतरत एकशे दोनवर येऊन थांबला.

चार वाजता डॉक्टर रिपोर्ट बघायला आले. उंच, पुढे वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी दोन पेनं. यंत्रावर त्यांचा जीव होता. पाहुणा आला की आधी त्याला जिन्याखाली आणत.

"सर, एक सांगायचं होतं," श्यामला म्हणाली. "व्होल्टेज पडलं की आतला दिवा मंद होतो. मग यंत्राला वाटतं, द्रावणच गडद आहे. साखर जास्त दाखवतं."

"मिसेस टेंबे, तुम्ही आत उघडून पाहिलंत?"

"नाही सर. पण शंभराचं स्टँडर्ड एकशे चाळीस आलं."

"एजंटने काय सांगितलं होतं? सकाळी एकदा शून्य लावायचं. लावता?"

"लावते."

"मग झालं. स्टॅबिलायझर मागवलाय. दुर्गापूजेच्या आत येईल."

"तोपर्यंत दुपारची रक्तं जुन्या पद्धतीने करू का? खिडकीचा उजेड चांगला असतो."

डॉक्टर हसले. दारात दोन आया बादल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे रोग्याने यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, तुमच्या डोळ्यांवर ठेवायचा."

आया हसल्या. श्यामलाने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक नळीआधी शून्य लावायला लागली, मधूनमधून स्टँडर्ड ठेवून बघायला लागली. आकडा हलला की थांबायची, दिवा पांढरा होईपर्यंत. त्यात वेळ जाई. चारचे रिपोर्ट पाचला गेले, मग साडेपाचला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वॉर्डाच्या दारातच तिला उभं केलं. "हरिपदला मी काढलं ते काम लवकर व्हावं म्हणून. चारला कागद टेबलावर पाहिजेत. जमत नसेल तर सांगा."

"जमेल सर," ती म्हणाली.

संध्याकाळी चुलीपाशी तिने ते चारुदत्तला सांगितलं. तिच्या बोटांना आम्लाचा वास होता. पोळ्या लाटायच्या आधी दोनदा साबण लावला तरी जात नव्हता.

"तू सांगितलंस ना त्यांना?" चारुदत्तने विचारलं.

"सांगितलं."

"मग तुझं काम संपलं. आकडा यंत्राचा, औषध डॉक्टरांचं. तू मधे कुठे येतेस?"

"सही माझी असते, अहो."

शर्ट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला. उद्या पुन्हा घालायचा होता. मग म्हणाला, "गेटवर आज कुणी आलंच नाही मॅनेजमेंटचं. दोनशे माणसं उन्हात उभी. श्यामला, या घडीला हे छप्पर गेलं तर आईला घेऊन कुठे जाऊ मी?"

शकुनबाई खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. मोतीबिंदूमुळे खडे बोटांनीच चाचपत. त्यांचं बोट थांबलं.

*

विभूती रक्षित पाठीवर काळपुळी घेऊन दाखल झाले होते. जवळच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना मास्टरमोशाय म्हणे. वृंदालाही ते सुट्टीत फुकट गणित शिकवीत. साखरेमुळे जखम भरत नव्हती. ते पालथे पडून राहत आणि रक्त काढायला श्यामला आली की न चुकता विचारत, "आज किती, दिदी?" आकडा सांगितला की कालच्यातून वजा करत.

त्या मंगळवारी जेवणानंतर दोन तासांनी तिने त्यांचं रक्त घेतलं. साडेतीनला नळी यंत्रात ठेवली तेव्हा खोलीतला दिवा पिकल्या लिंबासारखा झाला होता. आकडा आला तीनशे शहाऐंशी. तिने स्टँडर्डकडे हात नेला आणि वीज पूर्ण गेली.

सिस्टर अणिमाने आयेला पाठवलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "दिदी, कागद. डॉक्टरबाबूंना बाहेर जायचंय."

श्यामलाने कागदावर ३८६ लिहिलं. बाजूला पेन्सिलीने लिहिलं : व्होल्टेज कमी, पुन्हा करावे. आया कागद घेऊन गेली. मग तिला राहवेना. मास्टरमोशायंची लघवीची बाटली होती. तिने स्पिरिटचा दिवा पेटवला, निळ्या औषधात आठ थेंब टाकून नळी उकळली. एवढी साखर रक्तात असती तर ती विटेसारखी लाल व्हायला हवी होती. ती हिरवी झाली. फिकट हिरवी.

नळी हातात धरून ती जिना चढली. डॉक्टर खाटेपाशी होते. सिस्टर अणिमा काचेच्या सिरिंजमध्ये औषध ओढत होती.

"सर, हे बघा. लघवीत फारशी साखर नाहीये. रक्ताचं रीडिंग चुकलंय. मी पुन्हा करते. नवीन रंग करून खिडकीशी बघायला अर्धा-पाऊण तास लागेल."

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली आणि परत दिली. "चार हजार मैलांवरून आलेलं यंत्र एक सांगतं आणि तुमची नळी दुसरं. मी कुणाचं ऐकू?"

मास्टरमोशायंनी उशीवरून मान वळवली. "डॉक्टरबाबू, उत्तर एकदा ताडून बघायला काय हरकत आहे? मी पोरांना हेच सांगत आलो."

"मास्टरमोशाय, पाठीचा पू बघितलात तुम्ही? मी बघितलाय. ही साखर आणखी तासभर अशी ठेवली तर मला सुरी घ्यावी लागेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सिस्टर, चाळीस युनिट इन्सुलिन."

अणिमाने श्यामलाकडे पाहिलं. श्यामलाच्या घशात शब्द आले होते : देऊ नका. दोनच शब्द. पण जिन्यावर आया होत्या, शेजारच्या खाटांवरची माणसं मान वर करून बघत होती, आणि डॉक्टर म्हणत होते, "अजून काही, मिसेस टेंबे?"

"नाही सर."

मास्टरमोशायंनी दंड पुढे केला. ती जिना उतरून खाली आली.

खाली येऊन तिने स्टूल ओढलं, कपाटावरचं पितळी उपकरण खाली काढलं. कापडावर धूळ बसली होती. रक्त गाळायला ठेवलं तेवढ्यात बाळंतिणीसाठी रक्तगट तपासायचा निरोप आला. तिला रक्त चढवायचं होतं, खोळंबा चालणार नव्हता. ते करून ती परत आली. स्टोव्हवर पाणी उकळलं, नळ्या धरल्या, वाफेने डोळे चुरचुरले. खिडकीतून पश्चिमेचं ऊन येत होतं. एक डोळा मिटून तिने चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. तिन्ही वेळा एकशे बहात्तर.

साडेपाच वाजले होते. ती पळतच वर गेली.

"झोपलेत," आया म्हणाली. "मघापासून गाढ झोपलेत."

मास्टरमोशायंचा बनियन पिळून काढावा असा ओला होता. कपाळ गार. श्यामलाने हाका मारल्या, गाल थोपटले. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं.

"अणिमा, साखर उतरलीय. ग्लुकोज दे. शिरेतून."

"डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कशी देऊ?"

"डॉक्टर कुठे आहेत?"

"बालीगंजला गेलेत, पेशंटकडे. कपाटाची किल्ली मोठ्या सिस्टरकडे आहे."

मोठी सिस्टर चहाला गेली होती. तिला शोधायला माणूस गेला. त्या वेळात मास्टरमोशायंच्या अंगाला एकदा झटका आला, खाट वाजली. किल्ली आली, कपाट उघडलं, अणिमाच्या हातातून पहिली कुपी फुटली. दुसरी शिरेत गेली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

त्यांनी डोळे उघडले. ओठ हलले. डावा हात उचलून त्यांनी श्यामलाचं मनगट धरलं. उजवा तसाच पडून राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावून दार लोटलं. रात्रभर ते वॉर्डातच बसून होते. दाढी वाढली होती.

"बसा. दोन ओळी लिहायच्या आहेत. कामाच्या घाईत नळ्यांची अदलाबदल झाली, म्हणून रीडिंग चुकलं."

"अदलाबदल झाली नव्हती, सर. मी कागदावर लिहिलं होतं, पुन्हा करावे."

डॉक्टरांनी टेबलावरचा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. ३८६ होतं. तिची सही होती. बाजूला कागद खरवडल्यासारखा पांढुरका झाला होता.

"पेन्सिलीचं काय, पुसलं जातं," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "माझं नाव गेलं तर हे नर्सिंग होम बंद. चोवीस खाटा, तीस माणसांची पोटं. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, शब्द देतो." मग मऊ आवाजात, "टेंबेबाबूंचं काय? अजून टाळंच?"

"हो सर."

"आणि तुमच्या सासूबाईंचा मोतीबिंदू? पावसाळ्यानंतर काढून टाकू आपण इथेच."

तिने उद्यापर्यंतची मुदत मागितली. घरी चारुदत्तने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिहून टाक." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच आवडला नसावा, तो लगेच उठून हातपंपावर गेला आणि भरलेली बादली ओतून पुन्हा भरत राहिला.

शकुनबाई म्हणाल्या, "त्या मास्तरांच्या बायकोला काय सांगशील?"

"बायको नाही त्यांना. मुलगी आहे."

"मग मुलीला काय सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना काय करू!" श्यामला एकदम ओरडली. "खोल्या सोडू? सोडते. चला, बांधा गाठोडं!"

शकुनबाईंनी खाटेची कड चाचपली, तिथेच आहोत ना याची खात्री करावी तसा. "मी कुठे जाणार गं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी श्यामलाने त्या दोन ओळी लिहून दिल्या.

गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली. रक्त काढायला गेली की नातेवाईक विचारत, "दुसरं कुणी नाही का?" एका बाईने नळीवर आपल्या नवऱ्याचं नाव स्वतः लिहून घेतलं आणि तिच्याबरोबर जिन्याखालपर्यंत आली. आया तिच्यापुढे चूप होत. वृंदा शाळेतून आली ती दप्तर न काढता दारातच उभी राहिली.

"आई, सगळे म्हणतात, तू मास्टरमोशायचा नळी बदलला."

"नाही बदलला."

"मग तू सांगत का नाही?"

श्यामला भांडी घासत होती. "हात धुऊन घे," ती म्हणाली, "आणि नळी बदलला नाही म्हणत. बदलली."

*

रविवारी सकाळी ती पंपाशी कपडे धूत असताना मास्टरमोशायंची मुलगी इला मागच्या फाटकातून आत आली. बालीगंजच्या एका शाळेत शिकवणारी, तिशीची, जाड चष्म्याची. पाच दिवसांत तिचा चेहरा सुकून गेला होता.

"श्यामलादी, मला एकच विचारायचंय. नळ्या बदलल्या होत्या?"

श्यामलाने पंपाचा दांडा सोडला. पाणी थोडा वेळ आपोआप येत राहिलं आणि थांबलं.

"नाही."

"मग?"

तिने सगळं सांगितलं. पिवळा दिवा, आकडा, हिरवी नळी, एकशे बहात्तर. "मी वर जाऊन सांगितलं. एकदा. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा मी सांगितलं नाही. इंजेक्शन माझ्यासमोर दिलं."

"आणि तो कागद?"

"मी लिहिला. माझ्या हाताने."

"खोटा."

"हो."

इलाचा हात वर आला. श्यामलाने तोंड बाजूला केलं नाही. पण तो हात तसाच चष्म्याकडे गेला. इलाने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मी दोन हॉस्पिटलं हिंडले," ती म्हणाली. "एकीकडे खाट नाही. दुसरीकडे म्हणाले, काळपुळी भरेपर्यंत हलवू नका. बाबांना इथेच ठेवावं लागणार. याच डॉक्टरांकडे, याच यंत्राखाली." तिने वर वॉर्डाच्या खिडकीकडे बघितलं. "उद्या दोन वाजता पुन्हा रक्त आहे त्यांचं. ते तुम्हीच करा. आणि मला शेजारी बसू द्या."

सोमवारी दुपारी इला जिन्याखालच्या खोलीत स्टुलावर बसली. वीज होती, पण दिवा पिवळा होता. श्यामलाने आधी स्टँडर्ड यंत्रात ठेवलं. एकशे एकतीस. तो आकडा तिने कागदावर शाईने लिहिला. मग मास्टरमोशायंची नळी : दोनशे अकरा. मग पुन्हा स्टँडर्ड : एकशे एकतीस.

"एकतीस वर दाखवतंय," इला हळूच म्हणाली. गणिताच्या मास्तरांची मुलगी होती. "म्हणजे एकशे ऐंशी."

"थांबा." श्यामलाने तेही कागदावर मांडलं, पितळी उपकरण खिडकीत ठेवलं आणि डोळा लावला. दोन नळ्या, एकच उजेड. एकशे अठ्ठ्याहत्तर. तोही आकडा तिने लिहिला, आणि खाली सही केली.

डॉक्टर दारात कधी येऊन उभे राहिले होते, ते दोघींनाही कळलं नव्हतं. इला स्टुलावरून उठली नाही. डॉक्टरांनी कागद घेतला. बराच वेळ वाचला.

"यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांत त्यांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं.

"शेवटचे दोन जवळजवळ सारखे आहेत, सर. तेच धरा."

त्यांनी कागदावरच औषध लिहिलं. आठ युनिट. इला तो कागद घेऊन वर गेली.

"हे असं प्रत्येक रक्ताला करणार?" डॉक्टर म्हणाले.

"हो सर."

"एकटीला झेपेल?"

"नाही. रिपोर्ट सहाला मिळतील."

डॉक्टर यंत्राच्या पत्र्यावरून बोट फिरवत राहिले. "सहाला तर सहाला," शेवटी ते म्हणाले.

"सर, ते माझं पत्र परत द्याल?"

"ते फाइलला लागलं, मिसेस टेंबे." ते वळले आणि जिना चढून गेले.

त्यानंतर ती सकाळी सातला लॅबोरेटरीत येई ती दिवेलागणीला घरी जाई. डावा डोळा दुखे, पाठ आखडे. चारुदत्त गेटवरून आल्यावर भात टाकायला शिकला. स्टॅबिलायझर पूजा होऊन गेल्यावर आला. पत्र फाइलमध्येच राहिलं. दुसरीकडे अर्ज करायचा तर आधी तेच पुढे येणार, हे तिला माहीत होतं; म्हणून तिने अर्ज केला नाही.

मास्टरमोशाय आषाढाच्या अखेरीला घरी गेले. पाठ भरली होती. उजवा पाय फरफटत होता, हात खांद्यापासून लोंबत होता. शब्द येत, पण उशिरा, एकेक. निघताना त्यांनी इलाला जिन्याखाली थांबायला लावलं आणि भिंतीला धरून लॅबोरेटरीच्या दारात उभे राहिले.

श्यामला नळी ठेवून पुढे आली. त्यांच्याकडे बघायचं धैर्य तिने महिनाभर रोज रक्त काढताना केलं होतं, पण तेव्हा ते खाटेवर पडलेले असत. उभ्या माणसाकडे बघणं वेगळं होतं.

"इलाने... सांगितलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा... का नाही बोललात?"

तिला डॉक्टर आठवले, खोल्या आठवल्या, सासूबाई आठवल्या. त्यातलं काहीच तिने सांगितलं नाही.

"भीती वाटली, मास्टरमोशाय."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते पुढचा शब्द शोधत होते. इला पुढे झाली, पण त्यांनी डाव्या हाताने तिला थांबवलं.

"मलाही," ते म्हणाले. "दंड तर... माझाच होता. मागे घेतला... असता."

श्यामलाने तोंडाला पदर लावला. बाहेर सायकलरिक्षा उभी होती. दोघींनी मिळून त्यांना वर चढवलं. उजवा हात सारखा मांडीवरून घसरून बाहेर येत होता, चाकाशी जात होता. श्यामलाने तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि इला दुसऱ्या बाजूने चढून बसेपर्यंत तसाच धरून उभी राहिली.